अण्णांची पिवळी रेघ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. या सगळ्यानंतर लग्न झालं त्या नवऱ्यापाशी नाही, आणि आईपाशी तर नाहीच — खरं म्हणजे सगळ्यांत आधी तिलाच सांगायला हवं होतं. पण तिच्यासमोर बसलं की मी उठून चहा टाकते आणि भलतंच काहीतरी बोलत राहते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

गाडीपासून सुरुवात करते. गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं.

माझे वडील, अण्णा, एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नव्हते. मी एकुलती एक, त्यामुळे पाने-पकडी ओळखायला मीच शिकले. 'आमची सुजाता स्वतः गाडी खोलते' हे त्यांनी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत इतक्या वेळा सांगितलं होतं, की लोक जिन्यात त्यांना चुकवायचे. मला लाज वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

चार वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली. प्रत्येक स्पीड ब्रेकरवर तिचं पोट घासायचं. म्हणून मी बाहेरच्या कंपनीचे पार्ट मागवले — उंच, जाड स्प्रिंगा, नवे शॉकअप, आणि चाकाला खालून धरून ठेवणारे नवे आर्म. ते गॅरेजला द्यायचा प्रश्नच नव्हता, आपण घरीच बसवू, असं अण्णांनी पार्सल यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. एका रविवारी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवली. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन, हे पार्किंग आहे अशी आमची आजवर समजूत होती, एवढंच म्हणून गेले.

अण्णांची एक पद्धत होती. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो. चाक हवेत लोंबकळत असताना त्याचा बोल्ट पक्का आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी नट नुसता टेकवायचा. गाडी खाली घ्यायची, वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग आत सरकून शेवटचं आवळायचं. आणि आवळणाऱ्याने खूण करायची नाही. दुसऱ्याने स्वतः पाना लावून बघायचं आणि मगच नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. कारखान्यात त्यांचा जन्म यात गेला होता. त्यांच्या रेघेला शेवटी डावीकडे एक बारीक शेपटी असायची. ती त्यांची सहीच होती.

उजवी बाजू त्यांनी आवळली, मी तपासली. डावी माझ्याकडे होती. तिथलं वरचं सगळं तपासून त्यांनी सात-आठ रेघा मारल्याही होत्या, फक्त आर्मचं शेवटचं आवळणं राहिलं होतं. दुपारचा दीड वाजला. अण्णांची कंबर धरली होती. तू आवळून ठेव, मी जेवून येतो आणि रेघ मारतो, असं सांगून ते वर गेले. जेवले, दुखण्याची गोळी घेतली आणि गाढ झोपले.

मी गाडीखाली शिरले. एक नट आवळला. दुसऱ्याला पाना नीट बसेना, जागाच नव्हती. तिसऱ्यांदा सटकला आणि माझी बोटं सोलली. संध्याकाळी मैत्रिणी गाडी बघायला येणार होत्या. आणि — हे लिहिताना हात अडतोय — मला कंटाळा आला होता. आवळण्याचा नाही, तपासून घेण्याचा. एकतीस वर्षांची बाई मी, ऑफिसात बारा माणसं माझ्या हाताखाली, आणि माझा प्रत्येक नट कुणीतरी पुन्हा बघायचा? उद्या करू, म्हटलं. पण रेघ नसलेला नट अण्णांच्या नजरेतून सुटला नसता.

म्हणून मी रंगाची बाटली घेतली आणि दोन्ही नटांवर रेघ मारली. शेपटीसकट. त्यांच्या सात-आठ रेघांत या दोन मिसळून जातील, म्हणून. रागाच्या भरात झालं, असं मी कितीदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण शेपटी काढायला हात स्थिर लागतो. माझा होता.

अण्णा उठले तेव्हा घर मैत्रिणींनी भरलं होतं. झालं ना, त्यांनी विचारलं. झालं, मी म्हटलं. चहापाण्याच्या गडबडीत ते खाली गेलेच नाहीत.

मंगळवारी ऑफिसात आठवलं. शनिवारी बघू म्हटलं. गुरुवारी अण्णांचा फोन आला — गाडी काढली आहे, आईला घेऊन लोणी काळभोरला मावशीकडे चाललो आहे, तुझी गाडी झकास चालते बरं का. त्या क्षणी मी 'थांबा' म्हणू शकले असते. एक शब्द. पण मग रेघेचं काय सांगणार होते? मी म्हटलं, सावकाश जा.

मांजरीच्या फाट्यापुढे एका स्पीड ब्रेकरवर डावं चाक आत दुमडलं आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. वेग कमी होता म्हणून दोघं वाचली. आईचं उजवं मनगट मोडलं. ते पुढे कधी नीट वळलं नाही. भाकरी थापणं सुटलं ते सुटलंच.

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा गॅरेजमध्ये गेलो. नट कुठेतरी गळून पडला होता. पत्र्यावर उरली होती अर्धी पिवळी रेघ आणि तिची शेपटी. मेकॅनिक म्हणाला, काका, खूण केली आहे, पण हा आवळलेला नव्हता. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाकून पाहिलं. 

घरी आल्यावर चपला न काढता त्यांनी मला विचारलं.

"सुजा, त्या दिवशी जेवून मी परत खाली आलो होतो का गं?"

त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. ते मला खरंच विचारत होते. आणि मी म्हटलं,

"हो, अण्णा. आला होतात. गोळी घेतली होतीत ना, म्हणून आठवत नसेल."

गोळीचं मला कुणी विचारलं होतं? ती मी आपणहून जोडली.

त्यानंतर अण्णा स्वतःवर विसंबले नाहीत. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासली, वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. अण्णांना पटलं नाही. खिशात वही आली. गॅस बंद केला, दार लावलं, गोळी घेतली — प्रत्येक ओळीपुढे ते आईकडून खूण करून घ्यायचे. स्वतः कुलूप लावून तिला ओढून बघायला सांगायचे. स्कूटर देऊन टाकली. एका सकाळी हत्यारांची पेटी उचलून माझ्या खोलीत आणून ठेवली. प्रत्येक पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. तुझा हात भरवशाचा आहे, म्हणाले. मी पेटी ठेवून घेतली. रोज कणीक तेच मळायचे, आई तिचा वाकडा हात मांडीवर घेऊन शेजारी बसायची, आणि मी त्यांच्यासमोर बसून जेवायचे. घास घशाखाली उतरायचा. तो का अडकला नाही कधी?

मागच्या वर्षी ते गेले, हृदयविकाराने. त्याच्या महिनाभर आधी एका सकाळी त्यांनी मला आणि आईला बोलावलं. चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. आता आठवलं, म्हणाले. आणि सगळं सांगितलं. जेवून ते जिन्याने खाली आले, पायांत आईच्या चपला होत्या, मी नळावर हात धूत होते, ते पोत्यावर आडवे झाले, कंबरेतून कळ आली, म्हणून पाना न लावताच त्यांनी रेघ ओढली. चपलांचा रंगसुद्धा सांगितला. मग आईचं मनगट हातात घेऊन म्हणाले, "माझ्या आळसापायी तुझा हात गेला. मला माफ कर."

आई रडली. जाऊ द्या हो, म्हणाली. मी दारात उभी होते.

अण्णा त्या दुपारी खाली आले नव्हते. ते वर झोपले होते. रेघ मी मारली.