नूलाने काढलेलं धुणं

आमच्या गल्लीत पावसाची चाहूल सगळ्यांत आधी नूलाला लागते. खाडीवरून ढग सरकला की जी घरात असेल तिने सगळ्यांचं धुणं आत घ्यायचं, हा इथला रिवाज. मागच्या दाराला कुलूप कोणी लावत नाही ते त्यासाठीच. आम्ही बाकीच्या कपडे खुर्चीवर टाकून मोकळ्या होतो. नूला घड्या घालते, दमट राहिलेले शेगडीसमोर पसरते, आणि मोज्याला भोक दिसलं तर शिवून ठेवते. नंतर सुनावतेही.

तिने लग्न केलं नाही. पोस्टात टपाल निवडलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. तुला कोणी मागणी घातली नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "घातली होती की. पण तो आला मे महिन्यात, लख्ख उन्हात. म्हटलं, पाऊस लागल्यावर कसा वागतो ते बघू. पाऊस लागला आणि गडी डब्लिनला पळाला."

तिच्या भिंतीपलीकडे मॉस आणि त्याची बायको डेलिया राहायचे. मार्चमध्ये एका सकाळी डेलियाने धुणं वाळत घातलं, स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसली, आणि बसल्या जागीच गेली. नवल म्हणजे, पुढचे दोन-तीन दिवस कोरडे गेले. घरात माणसांची रीघ होती. मॉस मात्र सारखा मागच्या खिडकीशी उभा असायचा. दुःखी माणूस कुठेतरी बघणारच, असं आम्हाला वाटलं.

दफनानंतर चहा ठेवायला नूला आमच्या पुढे मॉसच्या घरी आली, तेवढ्यात सर आली. ती सवयीने धावली. मॉसचे शर्ट, अभ्रे, डेलियाचा निळा स्वेटर, सगळं आत घेतलं, इस्त्री केली आणि नीट घड्या घालून खुर्चीवर ठेवलं.

मॉस आला. खुर्चीकडे बघत राहिला.

"हे तिने वाळत घातलं होतं, नूला," तो म्हणाला. "तिच्या हातचं शेवटचं होतं ते."

आणि भरलं घर तसंच सोडून वर निघून गेला.

त्यानंतर त्याने नूलाला दार उघडलं नाही. तिने उंबऱ्यावर ठेवलेला पाव तसाच भिजून जायचा. मी तिची समजूत घालत होते, तुला काय स्वप्न पडलं होतं, कोणीही तेच केलं असतं. तिला ते पटेना. "जन्मभर भिंतीवरून बघत आले तिला," म्हणायची, "मला कळायला हवं होतं." बाई पार खचली होती. मला तिची फार दया यायची, आणि खरं सांगायचं तर मॉसचा थोडा रागही.

मग एका दुपारी, भुरभुर चालू असताना, ती त्याच्या मागच्या दाराने आत शिरली आणि ते इस्त्रीचे कपडे घेऊन अंगणात आली. भर पावसात वाळत घालायला लागली. मला वाटलं, झालं, हिचं डोकं फिरलं. शर्ट उलटे, खालच्या काठाला चिमटे लावून. डेलिया तसेच वाळत घालायची. नूला रडत होती आणि लपवत नव्हती.

मॉस बाहेर आला. अंगावर कोटही नव्हता. आता हा हिला हाकलणार, म्हणून मी दारापर्यंत धावले. तो नुसता बघत उभा राहिला. मग पुढे होऊन त्याने स्वेटरचे चिमटे काढले.

"हा टोकाला," तो म्हणाला. "पहिला हाच घालायची."

नूलाने जागा करून दिली. दोघं चिंब झाली होती.

"आत कधी घेऊ?" तिने विचारलं.

"वाळले की घे."

त्या वसंतात नूला पाऊस आला की सगळ्या गल्लीचं धुणं आत घ्यायची, ती एक दोरी सोडून. मध्येच वारं सुटायचं, छान ऊन पडायचं. मॉस दारात यायचा आणि तिच्याकडे बघायचा. नूला भिंतीवरून हात लांबवून स्वेटरची बाही चाचपायची.

"अजून दमट आहे रे," म्हणायची.

"बरं," म्हणून तो आत जायचा.

मी एकदा हात लावून पाहिला होता. स्वेटर खडखडीत वाळला होता.