चितेवर वाजवलेली हळद

गेल्या रविवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, घोडबंदर रोडवरच्या एका गारेगार सभागृहात हिरूबाईंवर अन्याय झाला. हिरूबाई म्हणजे डोंबिवलीजवळच्या एका गावातल्या धवलारीण (लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी गाणारी बाई). करणाऱ्यांनी जॅकेटं घातली होती. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वागळे इस्टेटमधून मी साडेचारला निघाले. माजिवड्यापर्यंत बस धावली, पुढे तिने रोजच्यासारखं धरणं धरलं. शेजारचे काका म्हणाले, "पिक्चरला ना? चालत गेली असतीस तर निदान इंटरव्हल मिळाला असता!" उतरले, धूळ खात चालले. महोत्सवाच्या दारात लाल गालिचा होता, त्याची कड उचकटलेली. चप्पल अडकली, तिचा अंगठा तुटला. कलेच्या मंदिरात मी लंगडतच शिरले.

शेवटच्या चित्रपटात तन्वी नावाची नायिका मरते. चिता पेटते आणि पडद्यामागून एका बाईचा आवाज उठतो. मग शब्द कानात शिरले: निकिताला हळद लागली, नवरा माजिवड्याचा.

निकिता माझी कॉलेजातली मैत्रीण, हिरूबाईंच्याच गावची! तिच्या हळदीला मी होते. हिरूबाई प्रत्येक नवरीसाठी तिचं नाव, नवऱ्याचं गाव गुंफून गाणं नव्याने बांधतात. हे गाणं तिथेच, मांडवात बसून बांधलेलं. तेव्हा एक पाहुणा त्यांच्या तोंडापाशी मोबाईल धरून बसलेला. चित्रपट संपल्यावर तोच पाहुणा, या चित्रपटाचा संगीतकार, 'सर्वोत्कृष्ट चित्रपट संगीत' पुरस्काराची बाहुली कवटाळून मंचावर उभा होता. श्रेयनामावलीत गाण्यापुढे एकच शब्द: पारंपरिक. परीक्षक गहिवरून म्हणाले, "मृत्यूचं हे आक्रंदन शेकडो वर्षं जुनं आहे."

शेकडो वर्षं! निकिताच्या लग्नाला अजून दोन झाली नाहीत.

चहाच्या टेबलापाशी संगीतकाराला गाठलं.

"सर, गाण्यातली निकिता कोण?"

"असेल एखादी ग्रामदेवता."

"ग्रामदेवता ठाण्यात बँकेत आहे. सातवा महिना चालू आहे तिचा. आणि हे हळदीचं गाणं आहे!"

"शब्दांना काय धरून बसता यार? भाव बघा ना. पारंपरिकला मालक नसतो." एवढं बोलून तो सेल्फीला गेला.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला गेले, स्टेशनबाहेरून रिक्षा करून गावात. वाटेत टॉवर, मध्येच एक तळं, मग पुन्हा टॉवर. हिरूबाईंनी आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी). पिशवीत माझं पत्रक तयार होतं. मथळा: 'हिरूबाईंना पुरस्कार द्या!' मोबाईलवर चित्रपटाची जाहिरात लावली.

"अगो, ह्यो त माजा आवाज!" त्या हसल्या. मग चिता दिसली. भाकरी थापणारा हात परातीतच थांबला.

"ही त हलद हाय. जित्या पोरीचा नाव मयतावर? पोटुशी हाय ना ती?"

"मावशी, आपण लढू. पडद्यावर तुमचं नाव लावायला लावू."

"माजा नाव चुलीत घाल!" त्या ओरडल्या. "आधी निकीचा नाव काढ तिथना."

परतताना रिक्षात पत्रक काढलं आणि मथळ्यावर काट मारली. संगीतकाराला बाहुली हवी होती. मलाही ती बाहुलीच हवी होती, फक्त दुसऱ्या हातात. लंगडत, कालचीच तुटकी चप्पल ओढत मी वागळेला पोचले, आणि हे नवं पत्रक लिहायला बसले.

येत्या रविवारी तोच चित्रपट कल्याणात दाखवणार आहेत, पुरस्काराचा शिक्का मारून. तुम्ही जा. चिता पेटली आणि तो आवाज आला की खुर्चीतून उभे राहा. मोठ्याने सांगा, "ही आमच्या निकिताची हळद आहे, गाणं बंद करा." बंद होईपर्यंत खाली बसू नका.