खोलीच्या मधोमध खांब

"गादीनं तिकीट कसानं? गादी काय खिडकीजोडे बसनार शे?"

माझी आई कंडक्टरवर ओरडत होती. शहाद्याच्या स्टँडवर झोपलेली कुत्री उठून उभी राहिली होती आणि दोन प्रवासी घाबरून चुकीच्या गाडीत चढले होते. मी कॉलेजला निघाले होते. कुठे, तर नंदुरबारला. आमच्या गावाहून सकाळी निघालेला माणूस तिथे मिरची विकून दुपारच्या जेवणाला घरी परत येतो. पण आईच्या हिशेबात मी सातासमुद्रापार चालले होते.

"मावशी, लगेज शे ते, तिकीट लागीच," कंडक्टर म्हणाला.

"गाडी तुन्हा बापनी शे का?"

"मन्हा बापनी ऱ्हाती ते मी तिकिटं फाडत बसतू का?"

शेवटी गादी फुकट गेली, कारण आई तिच्यावर बसली आणि उठेना. बाबा या सगळ्यात एकच वाक्य बोलले, "भिंतीले पाठ लाईसन झोपजो." घर सोडून जाणाऱ्या पोरीला जगाबद्दल जे काही सांगायचं होतं ते त्यांनी त्यात बसवलं. मागे राहिलेल्यांनो, तुम्ही सगळे असंच काहीतरी एक वाक्य देऊन आम्हाला पाठवता, आणि पुढे ते कुठल्याच खोलीत लागू पडत नाही.

माझ्या खोलीत तर भिंतीला पाठ लावून झोपायची सोयच राहिली नाही. ते का, हे सांगायला बसलेय. आधीच सांगते, मी थोडं वाढवून सांगते, ती माझी खोड आहे. पण ज्याचा मला आजही संताप येतो, तेवढं जसंच्या तसं आहे.

होस्टेलची खोली तळमजल्यावर होती. तीन लोखंडी खाटा, एक खिडकी, आणि छतावर महाराष्ट्राच्या नकाशाएवढा ओलीचा डाग. बरोबर वर रेक्टर मॅडम राहायच्या आणि त्यांच्या मोरीचं पाणी त्या नकाशात झिरपायचं. तक्रार केली की मॅडम म्हणायच्या, "तुमच्या घरी काय संगमरवर होता का?" मी म्हणायचे, "नही मॅडम, पन छप्पर कोरडं शे." तर त्या म्हणायच्या, "शे नाही, आहे म्हण. कॉलेजात आली आहेस." छपराबद्दल काही बोलायच्याच नाहीत.

मी पहिली पोचले म्हणून खिडकी माझी. दुसरी आली इस्तर, नवापूरकडच्या डोंगरातली. तिच्या घरचे शेतकरी, चर्चला जाणारे. नाताळला दारात लावायची कागदी चांदणी तिने जूनमध्येच आणली होती, आत बल्बसकट. तेव्हा विसपुते की वाणी असं आडनाव विचारून, म्हणजे जात काढून, पोरींना खोल्या वाटायची रेक्टर मॅडमची हातोटी होती, आणि आम्ही "उरलेल्या" एका खोलीत आलो होतो. असू दे. उरलेल्यांची खोली सगळ्यात देखणी करायची, असं मी आणि इस्तरने पहिल्याच दिवशी ठरवलं. जुन्या साडीचे पडदे, बांगड्यांच्या काचेची झालर, आरसा दाराशी. मी तर छतावरच्या डागावर नद्या आणि जिल्हे काढायचंही मनात आणलं होतं.

मग तिसरी आली, मोगी. नर्मदेच्या काठची, मणिबेलीच्या बाजूची, म्हणजे धरणाआधी जे गाव होतं तिथली. तिच्याबरोबर तिचे वडील होते आणि रिक्षाच्या टपावर बांधलेला सागाचा एक आख्खा खांब. रिक्षावाला नंदुरबारभर शिव्या देत आला होता. एका चौकात वळताना खांबाने म्हणे भजीवाल्याची कढई उलटी केली, दोन सायकली आडव्या पाडल्या आणि एका वरातीतल्या घोड्याला मागे वळायला लावलं. यातली कढई खरी असावी.

"ही काय लाकडाची वखार शे का?" मी खिडकी अडवून ओरडले.

"घराचा खांब आहे," मोगी म्हणाली. ती घरी भिली बोलायची आणि आमच्याशी शाळेत शिकलेलं मराठी. त्यामुळे थोडं बोलायची, सरळ बोलायची.

तिच्या वडिलांनी मला समजावलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आजोबांनी घर सोडलं, पण मधला खांब उपटून होडीला बांधला आणि ओढत नेला. त्यांच्याकडे घर म्हणजे आधी खांब. भिंती, कौलं हे नंतरचं. वर जागा मिळाली, तिथे तो पुरला. पाणी तिथेही आलं. पुन्हा उपटला. दर वेळी जमिनीतला कुजलेला भाग करवतीने कापायचा, म्हणून दर वेळी खांब हातभर बुटका. आता पुनर्वसनाच्या गावात सिमेंटचं पत्र्याचं घर मिळालं, त्यात त्याला कामच उरलं नाही. तो अंगणात आडवा पडला. आणि आडवा खांब त्यांच्यात चालत नाही, आडवं फक्त मेलेलं माणूस ठेवतात. मोगी घरातून पहिली शिकायला बाहेर निघाली, तर खांब तिच्याबरोबर निघाला. पोरगी राहील तिथे तो उभा राहील.

मी खिडकी सोडून बाजूला झाले. असं फार कमी वेळा झालंय, गावात विचारा.

आम्ही खांब उभा केला. फरशी फोडता येईना, म्हणून तो जमिनीपासून छतापर्यंत दाबून बसवायचा ठरला. चार बोटं कमी पडला. खाली एक वीट आणि माझी अर्थशास्त्राची दोन पुस्तकं सरकवली, घट्ट झाला. त्या विषयाचा मला तेवढा एकच उपयोग झाला. बुडाशी मोगीने मूठभर ज्वारी ठेवली. वरून मोहाच्या दारूचे थेंब शिंपडायचे असतात. मुलींच्या होस्टेलात मोहाची दारू कुठून आणणार? मग इस्तरने लिंबू सरबत केलं. मोगी म्हणाली, "चालेल. त्याला कळेल अडचण आहे."

खांबाकडे पाय करून झोपायचं नाही, असा तिचा नियम होता. मग खाटा भिंतीपासून ओढल्या आणि तिन्हींची डोकी खांबाकडे केली. वरून पाहिलं असतं तर पंख्याची पाती दिसली असती. खांबाला आरसा टांगला, ओढण्या टांगल्या, तीन मोबाईलचे चार्जर गुंडाळले, आणि सगळ्यात वर इस्तरची चांदणी. रात्री ती पेटली की स्टेशनवरून सुरतेकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या खोलीकडे पाहून हॉर्न द्यायच्या. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटायचं, पण द्यायच्या. शेजारच्या खोल्यांतल्या पोरी आमच्याकडे येऊन बसायच्या, खांबाला टेकायच्या आणि घरची आठवण काढून रडायच्या. त्या खोलीत मला एकदाही घर आठवलं नाही, कारण ते मधोमध उभं होतं, भले दुसरीचं असेल.

रेक्टर मॅडम तपासणीला आल्या. खाटा भिंतीला लावायच्या असा त्यांचा नियम.

"हे काय आहे? होस्टेल आहे की गोठा? उद्याच्या उद्या हे लाकूड बाहेर. स्वयंपाकघरात जळणाला घ्या म्हणावं."

मोगीने खांबाला हात लावला. तिचा चेहरा पाहून मला काय झालं कुणास ठाऊक, माझी जीभ माझ्याआधी निघाली.

"मॅडम, काढा. पण आधी तुमचं सामान खाली आणा."

"म्हणजे?"

"वर बघा ना. तुमच्या मोरीने स्लॅब सडलाय. इस्तरचे मामा गवंडी आहेत, ते खिडकीतून बघून गेले आणि तीन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, वरच्या बाईंना सांगू नका, झोप उडेल. हा खांब त्यांनीच लावायला लावला. तुम्ही जिथं बादली ठेवता ना, बरोबर त्याच्याखाली आहे."

इस्तरने देवाची माफी मागत मान हलवली. मॅडमनी डागाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकून दाराबाहेर उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांच्या चालण्याचा आवाज आम्हाला आला नाही. मांजर परवडलं. आंघोळीला त्या म्हणे बहिणीकडे जायच्या. थाप होती, आणि मला तिची लाज नाही. उद्या वेळ आली तर याहून मोठी मारीन.

दिवाळीच्या सुट्टीहून परत आलो. आमच्या दाराला कुलूप होतं आणि त्यावर लाल रंगात "धोकादायक" लिहिलेलं. आमच्या पिशव्या व्हरांड्यात, गादी वरच्या पोरींनी पायपुसणं केलेली. मॅडमनी माझी थाप वर कळवली होती. इंजिनियर आला, खिडकीतून आत पाहिलं आणि शेरा मारून गेला. दुरुस्ती मंजूर झाली आणि सगळी मॅडमच्या मोरीत गेली, निळ्या फुलांच्या फरश्यांसकट. मोरी बदलल्यावर गळती थांबली, छत वाळलं. कुलूप मात्र तसंच राहिलं. आम्हाला तीन मजल्यांवर तीन खोल्यांत फेकलं. आणि खांब आत.

मी इंजिनियरला ऑफिसात गाठलं. मोगी माझ्या मागे उभी होती.

"साहेब, तो खांब काही धरत नाही. थाप होती माझी. त्याच्याखाली अर्थशास्त्राची पुस्तकं आहेत. अर्थशास्त्रावर कुठं इमारत उभी राहते?"

तो हसला. "लावला कोणी?"

"आम्हीच."

"बघ, म्हणजे तुम्हालासुद्धा गरज वाटली."

"गरज नाही साहेब, तो हिच्या घराचा आहे. हिला परत पाहिजे."

"मुली, आधार काढला आणि उद्या काही झालं तर सही माझी आहे. राहू दे. कुणाला त्रास देतोय?"

मी ओरडले. टेबलावर हात आपटला, पाणी सांडलं, शिपाई आत आला. बाहेर येऊन रेक्टर मॅडमच्या दारात ओरडले. त्या म्हणाल्या, "तूच सांगितलंस ना, काढला तर पडेल? आता काढा म्हणतेस? नक्की तुझं कुठलं खरं?" थाप मारली तेव्हा कुणीच पुरावा मागितला नाही. खरं बोलले तर कागद मागितला, गवंडी मामा हजर करायला सांगितला. आमच्यासारख्यांचं काय ऐकायचं आणि काय नाही, हे यांचं आधीच ठरलेलं असतं. मोगीच्या गावात कुणीतरी असंच म्हणालं असणार, राहू दे, कुणाला त्रास होतोय. एका पोरीचं घर तिच्या डोळ्यांसमोर सरकारी आधार झालं, आणि ती वर्षभर रोज त्या बंद खिडकीवरून पाणी भरायला जात होती.

आता मी पुण्यात आहे. चौघींचा फ्लॅट, भाड्याचं फर्निचर, ऑनलाइन मागवलेल्या लाइट्सच्या माळा. मालकाचा नियम, भिंतीला खिळा मारायचा नाही. म्हणून सगळं चिकटपट्टीवर, आणि पावसाळ्यात मध्यरात्री एकेक फ्रेम गळून पडते. फ्लॅटमेट म्हणतात, तुझी रूम किती सिंपल. मी सांगत नाही. गावी गेले की आई विचारते, आपलं घर की तिथलं घर? मी म्हणते आपलं, ती खूश होते. पण मला रागात आणि झोपेत जी खोली दिसते ती या दोन्हींतली नाही. तिला मधोमध खांब आहे आणि दाराला कुलूप. घर म्हणजे जिथे पाय कुठे करायचे ते ठरलेलं असतं, एवढंच मला कळलंय. बाकी सगळीकडे मी कशीही झोपते.

होस्टेलातून माझ्यासारखं निघून गेलेल्यांपैकी एकीने मागच्या महिन्यात कळवलं की ती खोली अजून तशीच बंद आहे. नव्या पोरींना सांगतात, त्या खांबावर सगळी बिल्डिंग उभी आहे. मी तिथल्या तिथे मोगीला फोन लावला. ती धडगावकडे शाळेवर आहे. मी अर्धा तास ओरडत होते. जाऊन कुलूप तोडते म्हणाले, वर्तमानपत्रात देते म्हणाले, मॅडमच्या मोरीत जाऊन बसते म्हणाले. पलीकडे पोरांचा गलका चालू होता. माझा दम संपेपर्यंत ती थांबली.

मग म्हणाली, "कुलूपच आहे ना. पाणी तर नाही."