आमच्या देव्हाऱ्यातलं मोडी पत्र

बाबांनी मला 'अविवाहित' लिहिलं तेव्हा माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. ज्या पेनानं लिहिलं ते माझ्या नवऱ्याचं होतं आणि ज्या टेबलावर लिहिलं तेही त्याचंच. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहतात, नोएडात. वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, हट्टही स्वतःचा.

तो फॉर्म होता कुलवृत्तांताचा. आमच्या आडनावाच्या सगळ्या घराण्यांची वंशावळ पुण्यातल्या एका समितीनं छापायला घेतली होती. कोण कोणाचा मुलगा, कोणाचं माहेर कुठलं, कोण कुठे नोकरीला, सगळं एका जाडजूड ग्रंथात. बाबांना हे कळल्यापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं आणि बोलणं वाढलं होतं. दिल्लीत आमची चौथी-पाचवी पिढी, पण बाबांच्या मते आम्ही अजून सातारकरच. इथे फक्त बदलीवर आहोत.

फॉर्म आधी माझ्या मुलीच्या हाती लागला. ती कॉलेजात आहे, मराठी तिचं अर्धं दिल्लीनं खाल्लंय.

"आजोबा, यार! मम्मी अनमॅरिड है, तो मैं कौन हूँ?"

"हिंदी बोलू नकोस," बाबा म्हणाले. त्यांना सुचलेलं उत्तर एवढंच.

माझ्या नवऱ्यानं फॉर्म वाचला आणि पोट धरून हसला. "चलो, मैं तो फ्री हो गया." तो पंजाबी. बाबांनी त्याला चोवीस वर्षांत एकदाही जावई म्हटलेलं नव्हतं. 'ते' म्हणतात. "ते आले का ऑफिसातून?" "त्यांना वाढलंस का?" त्याच्या हातची सकाळची कॉफी मात्र रोज पितात.

मी हसले नाही. आमच्या लग्नाला बाबा आले नव्हते. आई आली होती. भाजी आणायला जाते म्हणून निघाली आणि पिशवीत पैठणी कोंबून मंडपात हजर झाली. पुढे मुलगी झाल्यावर बाबा काही घडलंच नाही अशा थाटात बाळंतविडा घेऊन आले. आम्हीही काही विचारलं नाही. झाकली मूठ. आता ती मूठ त्यांनी निळ्या शाईत उघडली होती.

"बाबा, हे काय लिहिलंत?"

"अगं, तिकडे सगळे जुन्या वळणाचे. तुझ्याखाली पंजाबी नाव दिसलं तर आपली अख्खी फांदी छाटतील. आधीच माझ्या आजोबांचा घोळ आहे."

घोळ खरा होता. समितीच्या यादीत बाबांच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या नावापुढे 'अल्पवयात वारला' असं छापलं होतं. अल्पवयात वारलेल्या माणसानं उत्तरेत येऊन रेल्वेत तारबाबूची नोकरी केली, एक मुलगा वाढवला, त्याला ग्वाल्हेरची मराठी सून आणली आणि नातवाला, म्हणजे बाबांना, मांडीवर खेळवलं. पण समितीला पुरावा हवा होता. दिवाळीआधी पुरावा द्या, नाहीतर फांदी तिथेच संपली.

आणि पुरावा आमच्या देव्हाऱ्यात होता.

पणजोबांच्या नावे आलेलं एक मोडी पत्र. तांबड्या रेशमी कापडात गुंडाळलेलं, बाळकृष्णाच्या मागे. दसऱ्याला ते बाहेर काढायचं, हळदकुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची. आपटा दिल्लीत कुठला? मग आर. के. पुरमच्या रस्त्यावरच्या कचनारची पानं. ती थोडी आपट्यासारखी दिसतात आणि देव समजून घेतो. लहानपणी या पत्रापुढे मी परीक्षेचं हॉलतिकीटही ठेवलेलं आहे.

मोडी घरात कोणालाच येत नव्हती. त्यामुळे पत्रात काय आहे हे सगळ्यांना नक्की ठाऊक होतं. माझ्या लहानपणी ते एका संस्थानिकाचं शाबासकीपत्र होतं. मी कॉलेजात गेले तोवर त्याची सनद झाली. बाबा निवृत्त झाले त्या वर्षीच्या गणेशोत्सवात त्यात एक घोडाही आला.

समितीचं म्हणणं, पत्र वाचून घ्या, देवनागरीत उतरवून पाठवा. ते काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. बाबांना माझं कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर मनातून मला ती सनद नसावी असंच वाटत होतं. किराण्याची यादी निघावी, मूळव्याधीचं औषध निघावं. अविवाहित म्हणे!

मोडी वाचणारे भेटले कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात. भूमी अभिलेख खात्यातले निवृत्तीला आलेले गृहस्थ, जमिनीच्या कुठल्याशा खटल्यासाठी जुने कागद घेऊन दिल्लीला आले होते. मैत्रिणीच्या ओळखीनं दहा मिनिटं मिळाली. समोर पोह्यांची बशी होती. मी रेशमी कापड उलगडलं, वरचं वाळलेलं कुंकू फुंकरलं. त्यांनी कागदाच्या वरच्या कडेकडे पाहिलं आणि बशी बाजूला सारली.

"ताई, हे कुठे ठेवता तुम्ही?"

"देव्हाऱ्यात."

"देव्हाऱ्यात?" त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "याच्यावर श्री नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे अशुभ आहे. कोणी गेल्याचं पत्र असलं की वर श्री लिहीत नाहीत. वाचायचं, फाडायचं आणि आंघोळीला जायचं. घरातसुद्धा ठेवत नाहीत असलं पत्र."

आम्ही शंभराहून जास्त वर्षं त्याला हळदकुंकू वाहत होतो. मी त्यांना हॉलतिकिटाचं सांगितलं नाही.

त्यांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. सरळ, सात-बारा वाचावा तसं. मी देवनागरीत उतरवून घेत होते.

'तू मथुरेस हलवायाच्या मुलीशी विवाह केलास हे खात्रीलायक समजले. येथे सर्वांनी तुझ्या नावाने आंघोळ केली. आजपासून तू आम्हांस मेलास. कोणी विचारिल्यास तापाने गेला असे सांगतो. या पत्राचे उत्तर पाठवू नये. तुझे दोन्ही धोतरजोडे धाकट्यास दिले आहेत.'

खाली सही, पणजोबांच्या वडिलांची. गावाचं नाव, घराण्याचं नाव, सगळं स्वच्छ.

गृहस्थांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, "पुरावा म्हणून मात्र एकदम पक्का आहे हं."

मंडी हाउसला मेट्रोत बसले आणि मला हसू फुटलं. शेजारची बाई सरकून बसली. हलवायाची मुलगी! मथुरेची! आमच्या घरची ती बटाट्याची भाजी आठवली. हिंगाची, पातळ रश्शाची, बटाटे हातानं कुस्करलेले. बाबा ती 'आपल्या मूळ गावची' म्हणून पाहुण्यांना आग्रहानं वाढायचे. पणजी फार लवकर गेली, ती भाजी पणजोबांनी स्वतः सुनेला शिकवली म्हणे. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच घासाला ओळखली होती: "ये तो मथुरा वाले आलू हैं जी." तेव्हा बाबा पानावरून उठायचेच बाकी राहिले होते. सासूबाई बिचाऱ्या खरं बोलल्या होत्या.

यमुनेचा पूल आला तोवर हसू संपलं. हातात चांगलं दणकट हत्यार होतं आणि ज्यांच्यावर चालवायचं ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. शिवाय एक गोष्ट मला टोचायला लागली. हे पत्र पणजोबांना वाचता येत होतं. त्यांनी ते फाडलं नाही. बापानं आपल्याला मेला म्हणून लिहिलं, पण अक्षर बापाचं होतं आणि दुसरं येणार नव्हतं.

दोन दिवस मी 'ते गृहस्थ अजून वाचताहेत' असं सांगत टाळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाला बाबांनी विचारलं, "घोडा आहे ना त्यात?" मग मी वाचून दाखवलं.

"त्यानं नीट वाचलं नसेल," बाबा म्हणाले.

"बाबा, ते कोर्टात साक्ष देतात."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. बाबा बशीतल्या चहाकडे बघत होते.

"धोतरजोडेसुद्धा?"

"दोन्ही."

त्यानंतर चार दिवस ते देव्हाऱ्याकडे फिरकले नाहीत. पूजा माझ्या नवऱ्यानं केली, त्याला येते तशी, म्हणजे उदबत्ती लावून आणि देवाशी गप्पा मारून. पत्र मी उचलून कपाटात ठेवलं. पाचव्या दिवशी बाबांनी ते मागून घेतलं, मुलीकडून त्याचा फोटो काढवला आणि माझ्या उताऱ्यासकट, त्याच फॉर्मबरोबर समितीला पाठवून दिला. मला वाटलं, संपलं. पुस्तकात जायला मिळतंय म्हटल्यावर काय, आंघोळही गोड लागेल.

दुसऱ्या दिवशी समितीच्या चिटणिसांचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. आवाज तरुण आणि आनंदी होता.

"काका, अभिनंदन! गाव जुळलं, नावं जुळली. तुमची फांदी पक्की! फक्त ते पत्र आपण छापायला नको. तुमच्या आजींपुढे 'माहेर अज्ञात' लिहू. उगाच चौकशा होतात हो लोकांच्या. बाकी फॉर्म उत्तम भरलाय तुम्ही."

"बरं," बाबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मनात म्हटलं, चला, आता आम्ही दोघी रीतसर पुसल्या गेलो, पणजी आणि मी. पोळी तव्यावर करपली तेही कळलं नाही.

"फक्त एक दुरुस्ती आहे," बाबांचा आवाज आला. "मुलीचं मी खोटं लिहिलंय."

"म्हणजे?"

"तिचं लग्न झालेलं आहे. जावई पंजाबी आहेत. त्यांच्याच घरात बसून तुमच्याशी बोलतोय. त्यांना एक मुलगी आहे, तिचंही नाव हवं. आणि आजीचं माहेर अज्ञात नाही. मथुरा. हलवाई. तसंच लिहा."

"काका, हे समितीपुढे ठेवावं लागेल. वेळ लागेल. दिवाळीआधी होईलसं नाही वाटत."

"ठेवा की. मी अल्पवयात वारलेल्या माणसाचा नातू आहे. मला कसली घाई?"

पुस्तक दिवाळीला निघालं. आमची फांदी त्यात नाही. पणजोबा अजून अल्पवयातच वारलेले आहेत. पण मला सांगायचंय ते त्या फोननंतरचं.

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. बाबा फोन मांडीवर धरून बसले होते. या पुस्तकासाठी त्यांनी महिनाभर झोप घालवली होती, हे मला ठाऊक होतं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तेच आधी बोलले.

"तुझ्या लग्नाच्या दिवशी मी आंघोळ केली होती."

"लग्नाच्या दिवशी सगळेच करतात, बाबा."

"तशी नव्हे." ते माझ्याकडे बघत नव्हते. "सकाळची झाली होती. तुझी आई पिशवी घेऊन बाहेर पडली. कुठे चाललीय मला कळत होतं. मग मी न्हाणीघरात गेलो. अकरा वाजले असतील. तुझ्या नावानं केली."

मी चोवीस वर्षं समजत होते की बाबा रागावले होते. राग मी कधीच माफ केला होता. हे निराळं होतं. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या एकट्या माणसाला त्या न्हाणीघरातून हात धरून बाहेर आणावंसं वाटलं. अशा वेळी आमच्या घरात कोणाला शहाणपणाचं बोलता येत नाही, मलाही आलं नाही.

"अकराला?" मी विचारलं. "आपल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अकराला पाणी कुठलं? नऊला जायचं नळाचं."

बाबांनी मान वर केली.

"नव्हतंच. बादलीच्या तळाला होतं तेवढंच. तांब्याभर."

"डोक्यावर घेतलंत?"

"डोक्यापर्यंत कसं पुरणार? पायांवर ओतलं."

"मग ती आंघोळ कसली? पाय धुतलेत तुम्ही."

त्यांनी मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"नाही झाली ना?" त्यांनी विचारलं.

"नाही झाली, बाबा," मी म्हटलं आणि पिठाच्या हातांनीच त्यांचे डोळे पुसले.