डोळ्यांतली खिडकी

आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला सगळे 'ग्रहण' म्हणत, कारण त्याच्याकडे फोटो काढला की अर्धा चेहरा काळोखात जायचा. लग्नासाठी फोटो काढायला आलेल्या एका मुलाची आई कुरकुरली, "अहो, मुलीकडचे विचारतील, त्या गालाला काय झालंय?"

"विचारू देत," ग्रहण म्हणाला. "विचारात पाडणारा चेहरा आहे."

मुलगा खूश झाला. आईला अजून संशय आहे.

ही विद्या त्याला कोणी शिकवली नव्हती. तरुणपणी त्याने एका बुजुर्ग छायाचित्रकाराचं पुस्तक मिळवलं आणि भिंग घेऊन बसला. त्यातल्या प्रत्येक माणसाच्या बुबुळात उजेडाचा एक ठिपका होता. ठिपका चौकोनी, म्हणजे खिडकी. खाली फिकट पट्टा, म्हणजे गुडघ्यांवर उजेड परतवणारा पांढरा पुठ्ठा. असं करत करत त्याने त्या थोर माणसाची अख्खी खोली परक्यांच्या डोळ्यांतून उचलून आणली. ह्याला तो 'साधना' म्हणायचा.

मग एके दिवशी समोरच्या स्टुडिओच्या काचेतही अर्धे काळे चेहरे झळकले. डोळ्यांत तीच खिडकी, तोच पट्टा.

खोलीतली मांडणी ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच: त्याचा मेहुणा. पुठ्ठा धरणं, पडदे ओढणं, दुकान उघडणं, सगळं तोच करी. ग्रहणाने आधी त्याला फोटोच्या वेळी बाहेर बसवलं. मग तो समोरच्या टपरीवर चहा कुणाबरोबर पितो, ते पडद्याच्या फटीतून पाहिलं. एकटाच पीत होता. हे तर फारच संशयास्पद वाटलं. शेवटी त्याने दुकानाची चावी मागितली.

"भाऊजी, सरळ विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? चावी दे."

घरी बायकोने ताट जरा जोरातच ठेवलं. "माझा भाऊ चोर, आणि तुम्ही साधक! उद्या तो गेला तर मला कोणत्या तोंडाने माहेरी पाठवाल?"

दुसऱ्या दिवशी मेहुणा आपली पिशवी न्यायला आला. ग्रहण म्हणाला, "बस. जाण्याआधी एक फोटो काढू." प्रेमाने नव्हे. चोराचा चेहरा उजेडात कधीतरी फुटतोच, अशी त्याची व्यावसायिक श्रद्धा होती.

फोटो छापून झाला. चेहऱ्यावर कंटाळ्याखेरीज काही नव्हतं. सवयीने त्याने भिंग फोटोतल्या डोळ्यांवर नेलं. बुबुळात खिडकी होती. काळा पडदा होता. पुठ्ठा होता. कॅमेऱ्यामागे वाकलेला तो स्वतः होता, पोटासकट.

तो उठून दुकानाच्या दर्शनी काचेपाशी गेला. तिथे वर्षभर त्याने स्वतःच्या हाताने, अभिमानाने, भले मोठे चेहरे टांगले होते. प्रत्येकाच्या डोळ्यांत त्याची खोली उघडी पडली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसावी अशी.

तो आत परतला. मग खिशातून चावी काढून मेहुण्याच्या हातावर ठेवली.

"पडदे ओढ. गिऱ्हाईक येईल."

"म्हणजे मी चोर नाही?"

"नाहीस," ग्रहण म्हणाला आणि समोरच्या स्टुडिओवाल्याकडे डोळे बारीक करून पाहू लागला. "पण त्याला भिंग कुणी दिलं?"