नामदेवतात्यांचे ठोके

रावेतच्या एका बिल्डरनं नामदेवतात्यांना फसवलं, आणि तात्यांचं घड्याळ त्याच्या ऑफिसात मीच नेऊन टांगलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तात्या मूळचे चिखलीचेच. उमेदीची वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ठोक्यांची घड्याळं हातानं बनवायचे. चाकं पितळेची, पेटी सागवानी, वर्षाला फार तर दोन. माझं निघोज्यात वर्कशॉप आहे. भाव पाडल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. घड्याळ घ्यायला गेलो आणि पहिल्याच भेटीत घासाघीस सुरू केली, तर तात्या म्हणाले, "आधी भिंत दाखवा."

घरी आले, भिंतीला कान लावून टकटक केली. "पोकळ हाय. हितं ठोका बसका यील. समोरच्या भिंतीवर लावू."

"तात्या, तिथं टीव्ही आहे."

"मग टीव्ही हितं आना. त्याला कुठं कान हायेत?"

बायको हसली. टीव्ही हलला.

टांगलं म्हणजे झालं, असं नव्हतं. पुढचे चार रविवार तात्या स्वतः किल्ली द्यायला आले. डोळे मिटून टिकटिक ऐकायचे, "लंगडं चालतंय" म्हणत पेटी केसभर सरकवायचे. ठोक्याच्या सळ्या घासून सूर लावायचे, तोही घर बघून. "तुमी लय आरडता राव, म्हनून तुमचा ठोका हळू ठेवलाय."

त्या बिल्डरला नव्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला हातानं बनवलेलं घड्याळ द्यायचं होतं. मी तात्यांचं नाव सुचवलं. तात्या म्हणाले, "येवढी न्हाई व्हायची. एक देतो, हापिसात लावा. पन रविवारची किल्ली मी देनार." बिल्डरला दर रविवारी म्हातारा दारात नको होता. सौदा फिसकटायला लागला, आणि फिसकटलेला सौदा मला सोसत नाही. "त्यांचा माणूस देईल किल्ली, तात्या. माझा शब्द," मी म्हणालो. माझ्या शब्दावर तात्यांनी अट सोडली.

त्या इमारतीत माझ्या मेहुण्यानं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला तात्यांना मीच नेलं. बारा वाजले आणि भिंतीवर ठोके पडले. तात्या ताटावरून उठले. आवाज त्यांच्याच घड्याळाचा, डायलवर नावही त्यांचंच. पेटी उघडली तर आत दोन सेल आणि बोटाएवढा स्पीकर. शेजारच्या फ्लॅटमधूनही तेच ठोके येत होते. एका घड्याळाचा आवाज रेकॉर्ड करून घरोघर वाटला होता.

तसेच ऑफिसात गेलो. तात्यांच्या पेटीतही सेल! यंत्र काढलेलं.

"किल्ली द्यायला वेळ कुणाला आहे?" मॅनेजर म्हणाला. मी त्याची कॉलर धरली. तात्यांनी माझा हात सोडवला. "ऱ्हाऊ द्या. नाव तेवढं पुसा म्हनावं."

नाव कुणी पुसलं नाही. तात्यांनी पुन्हा एकही चाक कापलं नाही, आणि होळीच्या आधी ते गेले. माझ्या घड्याळाला आता मी किल्ली देतो. ते लंगडं चालतं. मला कळतं, सरळ करता येत नाही.

माझ्या वाटणीचं मी इथं लिहून दिलं. बिल्डरसाहेब, आकडा घेऊन माणूस पाठवू नका; यात मला घासाघीस करायची नाही. तात्यांच्या पेटीतलं यंत्र कुठं आहे? आणि त्या डबड्यांवरचं त्यांचं नाव कधी पुसताय? उत्तर द्या.