भूपालच्या जीपचा आवाज

भूपाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, स्वतःच्याच अंगणात, स्वतःच्याच जीपखाली अडकलेलो होतो. अडकलेलो म्हणजे खरोखरच अडकलेलो. जीपखाली शिरताना माणूस श्वास सोडून शिरतो आणि बाहेर येताना नेमकं तेच विसरतो. त्यात माझं पोट निवृत्तीनंतर माझ्यापेक्षा अर्धा फूट पुढं चालतं. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला आणि फरशीवरून माझ्या कानाशी सरकवला. पलीकडून संपत म्हणाला, "मास्तर, भूपाल गेला." मी म्हणालो, "बरं." मग काहीतरी आणखी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "मी जीपखाली आहे." तोही म्हणाला, "बरं." संभाषण संपलं. बायकोनं माझे दोन्ही पाय धरून मला बाहेर ओढलं. मी नळावर जाऊन हात धुतले, ग्रीस निघालं का ते उलटसुलट करून पाहिलं, परत साबण लावला. रडू आलं नाही. इतके आठवडे झाले, अजून आलेलं नाही.

मी जीपखाली गेलो होतो तो सायलेन्सरचा पाईप कुठं संपतो ते बघायला. तो मागच्या चाकाच्याही मागं संपतो हे मला ठाऊक होतं. भूपाल सांगलीच्या दवाखान्यात भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात पडून होता आणि मी रोज सकाळी चहाआधी जीपखाली जाऊन तेच बघून येत होतो. भूपालचा पाईप मागं संपत नव्हता. तो मधेच कापलेला होता आणि पेट्रोलच्या टाकीखाली वीतभर अंतरावर त्याचं तोंड होतं. त्याची जीप त्यामुळं पेटली. हे इथं लिहून टाकतो, कारण जुन्या जीपा घेऊन डोंगरात जाणाऱ्या आमच्या रविवारच्या टोळीत हे वाक्य अजून कुणी तोंडातून काढत नाही. सर्वांत कमी बोलतो तो संपत. त्याच्या जीपचा पाईपही तसाच कापलेला होता, आणि त्याच जीपमध्ये, टाकीवरच्या सीटवर, मांडीत बसवून तो नातीला मेढ्याच्या शाळेत सोडायचा...

भूपालची आणि माझी ओळख मेढ्याच्या पुढच्या एका ओढ्यात झाली. मी नवी जुनी जीप घेतली होती, म्हणजे मला नवी, जगाला जुनी. डोंगराळ रस्त्यावर चालवायची म्हणून नवे टायर, नवी टोपी, आणि चालवायचं ज्ञान शून्य. ओढ्याच्या मधोमध गाडी बंद पडली आणि मी सीटवर उभा राहून मदतीची वाट पाहू लागलो. पलीकडून एक जीप आली. आतून उंच, काळासावळा, पांढरी विजार घातलेला माणूस उतरला. त्यानं दोर काढला, मी तो मोठ्या उत्साहानं माझ्या बंपरला बांधला, त्यानं गाडी मागं घेतली आणि माझा बंपर त्याच्याबरोबर काठावर गेला. मी आणि जीप ओढ्यातच. तो बंपरकडं बघत म्हणाला, "मास्तर दिसतासा." मी विचारलं, कशावरून? "दोर चेसीला बांधत्यात. बंपरला मास्तरच बांधतंय." मी विज्ञान शिकवत होतो हे त्याला सांगायचं धाडस मला पुढं बरेच महिने झालं नाही.

तो कुंडलकडचा, उसाचा शेतकरी, जैन. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही हा नेम त्यानं कधी मोडला नाही. आम्ही बाकीचे अंधार पडला की शेकोटीभोवती बसून कोंबडीवर ताव मारणारे. तो पाण्याची बाटली घेऊन आमच्यात बसायचा, आमच्या चुका ऐकून हसायचा. त्यातल्या बहुतेक चुका माझ्याच असत. ओढ्याचं पाणी तो दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचा, आणि मग ते फडकं त्याच ओढ्यात हलक्या हातानं खळबळायचा, फडक्यात अडकलेले जीव परत त्यांच्या पाण्यात जावेत म्हणून. संपत त्याला चिडवायचा, "भूपाल, आत्ता तू चार चाकं घालून गेलास की रं त्याच्यातनं. तवा किती मेले?" भूपाल फडकं पिळता पिळता म्हणायचा, "त्याचा हिशोब वर हुईल. ह्याचा मी करतोय."

पाईप कापायची कल्पना संपतची. संपत म्हणजे फौजेतला निवृत्त हवालदार, हयात ट्रक चालवण्यात गेलेली. ओढ्यातल्या दगडांवर मागचा पाईप आपटतो, चेपतो, गळायला लागतो. मग ठेवायचा कशाला? एका दुपारी त्यानं लोखंड कापायचा हॅक्सॉ घेतला आणि स्वतःच्या आणि भूपालच्या जीपचे पाईप उडवले. मग टोळीत साथच आली. आवाज असा की डोंगर दणाणायचा. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पाईपाच्या तोंडातून फाट फाट करत ठिणगी उडायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही माझा कापायला घेतला होता. पण इंजिन नुकतंच बंद केलेलं आहे हे विसरून मी पाईप उजव्या हातात घट्ट पकडला. पुढचे काही दिवस मी आमटी डाव्या हातानं जेवलो आणि बायकोनं हॅक्सॉ शेजाऱ्याला देऊन टाकला. माझ्या जीपचा पाईप लांब राहिला तो असा. टोळीनं तिचं नाव 'शेपटीवाली' ठेवलं. ह्यात कुणी माझं शहाणपण शोधू नये.

आमच्या ह्या जुन्या पेट्रोलच्या जीपांची टाकी चालवणाऱ्याच्या सीटखाली असते. मूळ पाईप तिच्यापासून दूर, मागं जाऊन धूर सोडतो. ज्यानं ती बनवली त्याला काहीतरी कळत असावं. पाईप मधेच तोडला की ती सगळी आग टाकीच्या पोटाखाली फुंकली जाते. पत्रा तापतो, पेट्रोलची वाफ झाकणातून बाहेर यायला लागते, रबरी नळी वाळून तडकते. मग एक ठिणगी. आग पेटायला इंधन, हवा आणि उष्णता लागते हे मी नववीच्या मुलांना इतकी वर्षं शिकवलं आणि दर रविवारी तिन्हींवर बसलेल्या मित्राच्या जोडीनं डोंगर चढलो. पाचगणीच्या थंडीत भूपाल म्हणायचा, "मास्तर, माझ्या सीटवर या. बूड शेकतंय मस्त." मी गेलो, बसलो, आणि मस्तच वाटलं. मग एकदा तिथंच पठारावर त्याच्या सीटखालचा रंग फुगून पोपडे धरलेला दिसला, पेट्रोलचा वास आला, तेव्हा मी खिशातल्या खडूनं बॉनेटवर आकृती काढून सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "समजलं मास्तर. पर पाईप न्हाई लांब करता यायचा." मी विचारलं, का? तो हसला. "हाय एक कारण." मला वाटलं, आवाजाची हौस. मी बॉनेट पुसलं आणि आम्ही कणीस खाल्लं.

ज्या रविवारी ते झालं त्या दिवशी मी नव्हतो. मी सांगलीत एका लग्नाला गेलो होतो, आणि भलत्याच कार्यालयात शिरून, भलत्याच जोडप्याला आहेर देऊन, पोटभर जेवून, त्यांच्या मामाबरोबर फोटो काढून बाहेर पडलो होतो. बाहेर पाटीवरची नावं वाचून मी एकटाच हसत सुटलो, आणि पहिला विचार आला, हे भूपालला सांगायचं. ते राहिलं.

तो आणि त्याच्याकडं मुक्कामाला निघालेला संपत डोंगरातून परतत होते, कुंडलच्या वाटेवर होते. दिवस कलला होता. घरी पोचायला उशीर होणार म्हणून भूपालनं रस्ता सोडला आणि तोडणी झालेल्या उसाच्या फडातून जीप घातली. फडात उसाच्या वाळल्या पानांचं पाचट पसरलेलं होतं. ते जीपखाली गोळा होत गेलं, पाईपाला, टाकीला गुंडाळलं. एका सरीत रुतून चाक जागीच फिरायला लागलं, त्यानं जोरात रेस केली... रस्त्यानं पुढं गेलेल्या संपतला मागचा आवाज बंद झाल्याचं जाणवलं आणि त्यानं वळून पाहिलं. त्यानं भूपालला बाहेर ओढलं. संपतचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या हातांनी तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून असायचा आणि कुणी विचारलं की सांगायचा, "वायरिंग शॉर्ट झालं."

नंतरही तो तेच सांगत राहिला. मी एकदा मेढ्याला गेलो, म्हटलं, संपत, तुझा पाईप तेवढा लांब करून घे. त्यानं पट्ट्या बांधलेल्या हातानं मला चहा दिला. "फौजेत लय गाड्या बघितल्या मी, मास्तर. वायरिंगच व्हतं." आतून नात दप्तर घेऊन आली, त्याच्या जीपमध्ये चढून बसली. मी चहा संपवला.  पाईप लांब करायचा म्हणजे त्याला कबूल करावं लागणार होतं, आणि ते कबूल केल्यावर तो कुठं जाणार होता?

शेवटी त्याला घेऊन मी कुंडलला गेलो, भूपालच्या बायकोला, वहिनींना, भेटायला. माझ्याच जीपमधून. संपत ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसला. पद्मिनीवहिनींनी पाणी दिलं, माझ्या बायकोची चौकशी केली.  मग संपतच म्हणाला, "वहिनी, वायरिंग..."

"वायरिंग न्हाई, भावजी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, की उतरलाही नव्हता. "ह्यांनीच मला दवाखान्यात सांगितलं. आवाज मीच सांगितला व्हता."

आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं. रविवारी भूपाल कधी परतेल त्याचा नेम नसायचा. भाकरी आधी करून ठेवली तर वातड व्हायची, तो आल्यावर टाकायची तर दिवस बुडायचा आणि तो तसाच उपाशी झोपायचा. पाईप कापला तेव्हा पहिल्यांदा त्यांना जीप पार ओढ्यापलीकडून ऐकू आली. आवाज आला की त्या तवा ठेवायच्या, पहिली भाकरी फुगेपर्यंत तो दारात असायचा. "म्हटलं, आता ऱ्हाऊ द्या असाच. बरं पडतंय. मी म्हटलं तसं. ते म्हणालं, ऱ्हातोय की."

संपतनं भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडं वळवलं.

"त्या दिवशी बी ऐकू आला," वहिनी म्हणाल्या. "फडाकडनं आला. मी भाकरी टाकली. मग थांबला. मला वाटलं, पोचलं..." मग त्याच आवाजात, "तुमी वढून काढलासा त्यांना. हात दाखवा बघू. बरं झालं का?"

संपतनं हात पुढं केले. त्यांनी ते आपल्या हातात न घेता, लांबूनच, नीट पाहिले.

परतताना आम्ही कऱ्हाड ओलांडलं. मग संपत म्हणाला, "मास्तर, तुमचा पाईप कुठनं घेतलाय?" मी म्हणालो, "गाडीबरोबरच आलाय." त्यानं जीपच्या उघड्या बाजूनं बाहेर वाकून मागच्या चाकाकडं पाहिलं. आठवड्याभरात त्याचा फोन आला. "लावला." मी म्हणालो, "बरं." नात रुसली आहे म्हणाला, आजोबांची जीप मुकी झाली म्हणून. टोळीतल्या बाकीच्यांनी एकेक करून त्याच्याकडूनच बसवून घेतले. कुणी कारण विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्याला जमणार नाही ते काम माझ्याकडं राहिलं, म्हणून हे लिहितो आहे. जुन्या जीपा घेऊन डोंगरात जाणारी पोरं ह्या भागात पुष्कळ आहेत. त्यांनी सीटखालच्या पत्र्याला हात लावून बघावं, एवढंच. गरम लागला तर मजा वाटून घेऊ नये.

परवा सांगलीहून येताना कुंडलला वळलो. उन्हं कलली होती. मी जीप अंगणात उभी केली, उतरलो, चपला काढल्या, तरी कुणी बाहेर आलं नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या. तवा तापून धुरायला लागला होता. परातीत थापलेली भाकरी तयार होती आणि त्यांचे दोन्ही हात तिच्याखाली तसेच थांबलेले. तोंड फडाकडच्या खिडकीकडं.

मी खाकरलो.

"आवं मास्तर, कवा आलासा? आवाजच न्हाई आला."

"आमची गाडी हळूच येते, वहिनी."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "बसा. दिवस हाय अजून." भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. मी पाटावर बसलो. पहिली भाकरी माझ्या ताटात आली, फुगलेली, हात न लावता येण्याइतकी गरम. त्यांनी दुसरी थापली, उचलली, आणि तव्यावर टाकायच्या आधी परत तशाच थांबल्या. मीही घास हातात धरून थांबलो.